आगमनकाळ कसा पाळता? एकट्याने, आणि दोन-तीन घरं मिळून

वसईची_लेक | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

येत्या रविवारी, ३० तारखेला आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू होतोय. ३०, ७, १४, २१ असे चार रविवार, आणि मग नाताळ.

माहेरी वसईला असताना हा काळ आपोआप पाळला जायचा. देवळात जांभळा रंग दिसला की आजी पेंढ्याची एक जुडी ओटीवर आणून ठेवायची. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातली गव्हाणी रिकामी असायची. आम्ही पोरांनी दिवसभरात कुणाचं काही चांगलं केलं, तर रात्री जपमाळेनंतर त्यात एक काडी टाकायची. "बाळाला टोचायला नको, मऊ करा," एवढंच आजी म्हणायची. चोवीसच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे देवळातल्या उपासनेहून, आलो की बाळ येशू त्या काड्यांवर.

आता पुण्यात आहे. डिसेंबर लागला की साफसफाई, केक, कपडे, शाळेचे कार्यक्रम, ऑफिसातल्या पार्ट्या. चोवीसला रात्री मिस्साला उभी राहते तेव्हा पाय दुखत असतात आणि मन कोरडं असतं. गेली तीन वर्षं हेच. यंदा आमच्या इमारतीतली तीन ख्रिस्ती घरं मिळून काहीतरी करायचं ठरवलंय. एक घर आमचं कॅथलिक, एक सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), एक केरळचं.

तुम्ही खरोखर काय करता ते सांगा. करायला हवं असं पुस्तकात असतं ते नको, तुमच्याकडे टिकलेलं हवंय. एकट्याने करायचं आणि गटात करायचं, दोन्ही.

विरार_लोकल | २४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

एकट्याचं सांगतो. सकाळच्या गाडीत नायगाव सुटलं की खाडीचा पूल येतो. पुलावर गाडी आली की कानातले हेडफोन काढायचे आणि दहिसरपर्यंत परत घालायचे नाहीत. श्वास आत घेताना 'ये', सोडताना 'प्रभू येशू'. बस. पहिल्या मंडळींची 'मारानाथा' ही अरामी प्रार्थना हीच, 'आमच्या प्रभू, ये'. पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी ती आहे.

गर्दीत कोपर लागतं, कुणीतरी भांडत असतं, तरी होतं. चार वर्षं झाली. पूल आला की आता तोंड आपोआप सुरू होतं, अगदी जुलैमध्येसुद्धा.

मडगावकर | २४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आमच्याकडे नाचणी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पसरट थाळ्यात माती घेऊन दाट पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवंगार शेत उभं राहतं. पेरायचं काम घरातल्या सगळ्यात लहानाचं. पाणी जास्त झालं तर कुजतं, विसरलं तर सुकतं. घाई केली तरी त्याच्या वेळेआधी ते काही वर येत नाही. मुलाला वाट बघणं शिकवायला मला याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

मार्गशीर्ष | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

मी हिंदू आहे, धागा वाचून राहवलं नाही. ही तर नवरात्रातली आमची रुजवण! घटाभोवती धान्य पेरतो तेही असंच, नऊ दिवस रोज पाणी. आणि यंदा मार्गशीर्षातले गुरुवारही चारच आले आहेत, २७ नोव्हेंबरपासून १८ डिसेंबरपर्यंत. तुमचे रविवार, आमचे गुरुवार. आईकडे घट मांडलेला असतो त्या दिवशी घरात आवाजच खाली येतो. तुमच्याकडे उपास असतो का या दिवसांत?

कोट्टयम_ते_कोथरूड | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

@मार्गशीर्ष, आमच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत असतो. १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवस. मांस, मासे, अंडी, दूध बंद. माझा जन्म पुण्यातला, शाळा मराठी, पण हा उपास अम्माच्या स्वयंपाकघरातून आला. चोवीस दिवस काळा चहा प्यायल्यावर नाताळच्या सकाळी दुधाचा पहिला कप काय लागतो, ते सांगून कळणार नाही.

@वसईची_लेक ताई, तुमच्या गटातल्या केरळच्या घराला आधी विचारून घ्या. ते उपास धरत असतील तर गटाच्या खाण्यात केक ठेवू नका. आमच्याकडे एकदा प्रेमाने सगळ्यांनी आणले होते आणि आम्ही तिघं पाणी पीत बसलो होतो.

वसईची_लेक | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

बरं झालं सांगितलंत! मी केकचाच विचार करत होते. आज विचारते.

जांभळा_रंग | २५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

पश्चिमेच्या चर्चमध्येही उपास होता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पेर्पेत्युस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला होता. आज आम्हा लॅटिन विधीच्या कॅथलिकांना आगमनकाळात उपासाची सक्ती नाही, आणि त्यामुळे या काळाचा कणाच मोडलाय असं माझं स्पष्ट मत आहे. जांभळा रंग देवळात, आणि बाहेर १ डिसेंबरपासून नाताळची गाणी, पार्ट्या, कॅरल स्पर्धा. मिस्सात रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत, कारण ते देवदूतांचं गाणं नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. आपण मात्र त्याच्या आधीच महिनाभर सगळं गाऊन मोकळे. नाताळचा काळ चोवीसला रात्री सुरू होतो आणि यंदा ११ जानेवारीला प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. गायला तेव्हा अडीच आठवडे असतात, पण तोवर सगळ्यांचे घसे बसलेले.

माझी सूचना: तिन्ही घरांनी चोवीसपर्यंत एकही नाताळगीत लावू नये.

नगरी_पेटीवाला | २५ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

जांभळा रंग, तुमचा मान राखून सांगतो, हे आमच्याकडे कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

आमची नगरची मंडळी अमेरिकन मराठी मिशनमधून आलेली. हे मिशनरी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. त्या भागात प्युरिटन नावाच्या कडव्या प्रोटेस्टंटांनी १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करायलाच बंदी घातली होती, मॅसॅच्युसेट्समध्ये दंड बसायचा. म्हणजे आगमनकाळ, जांभळा रंग, चार मेणबत्त्या यातलं काही आमच्या आजोबांच्या कानावरही नव्हतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन मंडळी आणि आम्ही एका छपराखाली आलो, तेव्हा हळूहळू हे सगळं आलं.

मग आमची तयारी कशात होती? गाण्यात. डिसेंबरच्या थंडीत पेटी, ढोलकी, टाळ घेऊन खेड्यातल्या घरोघरी जायचं. ना. वा. टिळकांची भजनं, नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी रुजवलेली ख्रिस्ती कीर्तनाची चाल. एका वर्षी एका वस्तीवर पोचायला रात्रीचे दोन वाजले. दार उघडलं ते एका म्हाताऱ्या बाईने. ती म्हणाली, "मला वाटलं यंदा माझ्याकडं कोणी येत नाही." आम्ही तीन भजनं म्हटली. तिने चुलीवर चहा केला, कप दोनच होते म्हणून पाळीपाळीने प्यायलो. वाट ती बघत होती. आम्ही गेलो म्हणून तिची वाट बघणं पूर्ण झालं. गाणं चोवीसपर्यंत कोंडून ठेवलं असतं तर?

जांभळा_रंग | २५ नोव्हेंबर, सायं. ५:३०

तुमचा मुद्दा पटला. मॉलमधलं गाणं आणि हे गाणं एक नाही. माझी तक्रार पहिल्याबद्दल होती, सरसकट लिहायला नको होतं.

हाम्बुर्गहून | २५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

चार मेणबत्त्यांचा विषय निघालाच आहे, तर ती प्रथा आमच्या गावची. योहान हिन्रिश विखर्न हे इथले प्रोटेस्टंट पाळक. निराधार मुलांसाठी 'राउहेस हाउस' नावाची संस्था चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलं मोजायलाही शिकली. कॅथलिक देवळांत ही प्रथा नंतर गेली. म्हणून वसईची_लेक, तुमच्या सीएनआयच्या शेजाऱ्यांना हे चक्र परकं वाटायचं कारण नाही.

इथे या दिवसांत दुपारी चारलाच अंधार पडतो. त्या अंधारात एक ज्योत म्हणजे काय ते इथे आल्यावर समजलं. पुण्यात दिवे घालवून बसा, पाच मिनिटं पूर्ण काळोखात, मग पहिली मेणबत्ती. मुलं हे विसरत नाहीत.

दोन_मुलांचा_बाबा | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

काळोखाला दुजोरा. गेल्या वर्षी आमच्या मुलीला जखऱ्याची गोष्ट सांगितली, देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून योहानाच्या जन्मापर्यंत मुका झालेला याजक. मग म्हटलं, आपण पण पाच मिनिटं मुके होऊ. दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "बाबा, जखऱ्याला पाटी तरी दिली होती." तेव्हापासून आमच्या शांत वेळेत मध्ये एक पाटी आणि खडू असतो. ज्याला राहवत नाही त्याने लिहायचं. त्यावर मुलं जे लिहितात ते मोठ्यांच्या प्रार्थनांपेक्षा खरं असतं.

आजींच्या पेंढ्याच्या काड्यांबद्दल एक शंका. आम्ही करून पाहिलं तर दोघांची स्पर्धा सुरू झाली, "माझ्या नऊ, तुझ्या सहा." चांगुलपणाला गुण देतोय असं वाटायला लागलं. बंद केलं.

वसईची_लेक | २५ नोव्हेंबर, रात्री ९:२५

आजीने यावर उपाय केला होता, तुम्ही लिहिल्यावर आठवलं. दिवा मालवायची. कोण काडी टाकतंय, किती टाकतंय, दिसायचंच नाही. आणि काय केलं ते सांगायचं नाही, हा नियम. एकदा मी काहीच केलं नव्हतं तरी टाकली. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून काढायला गेले तर आजी म्हणाली, "राहू दे, आज दिवसभरात फेड."

शब्दासोबत | २६ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

गटासाठी आम्ही करतो ते नीट सांगते, कारण आमचा वस्तीतला नऊ जणांचा गट सहा वर्षं टिकलाय.

उतारा एकच, लहान. पहिल्या आठवड्यात बहुतेक लूक १:२६ ते ३८, गब्रीएल आणि मरीया. एकजण सावकाश वाचतो. दोन मिनिटं शांतता. दुसऱ्यांदा दुसरं कुणीतरी वाचतं, शक्यतो वेगळ्या आवाजाचं, बाईनंतर पुरुष किंवा लहान मूल. मग ज्याला जो शब्द टोचला तो त्याने फक्त उच्चारायचा. 'भिऊ नकोस.' 'कसे?' एवढाच. का ते नाही सांगायचं. तिसऱ्यांदा वाचून झालं की ज्याला वाटेल त्याने देवाशी एक वाक्य बोलायचं. शेवटी दहा मिनिटं नुसतं बसणं. वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं त्याच्यापाशी असणं, या चार पायऱ्या बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या मठवासीयाने लिहून ठेवल्यात.

एकच कडक नियम: प्रवचन नाही, सल्ला नाही, दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलणं नाही. पहिल्या वर्षी हा नियम नव्हता. एका बहिणीने "मला भीती वाटते" म्हटलं आणि तिघांनी तिला लगेच वचनं ऐकवली. ती पुढच्या आठवड्यात आली नाही. तिला परत आणायला आम्हाला ईस्टर उजाडला. वचनं खरी होती, वेळ चुकीची होती. तेव्हा आधी हा नियम करा, मेणबत्त्या मग.

नगरी_पेटीवाला | २६ नोव्हेंबर, सकाळी ८:००

अनुमोदन. आम्हा प्रोटेस्टंटांना बोलायची सवय फार, हा नियम मी आमच्या कुटुंबभक्तीत लावणार. एक सोपी भर: लूकचे अध्याय चोवीस आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की चोवीसला पूर्ण शुभवर्तमान होतं. नाताळच्या रात्री गव्हाणीपाशी जाताना आपण वधस्तंभ आणि रिकामी कबर वाचून गेलेलो असतो. बाळाकडे बघायची नजर बदलते.

पायवाट | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या संत इग्नासची एक रीत मी एकटा असताना करतो. नाझरेथ ते बेथलेहेम वाट डोळ्यासमोर आणायची. किती लांब, रुंदी केवढी, सपाट की दरीतून, चढउताराची. मग गोठ्यात आपण एक गरीब सेवक म्हणून उभं राहायचं आणि त्यांना काय लागेल ते बघायचं. मला नेहमी दिवेघाटच दिसायचा, पालखी जाते तो. यंदा वाटतंय मरीयेला पाणी कुठे मिळालं असेल ते बघावं.

मार्गशीर्ष | २६ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

दिवेघाट वाचून अंगावर काटा आला. मी चाललोय तो घाट. गर्भारशी बाईने कसं चालावं.

एक विचारतो. शाळेत मराठीचं कौतुक करणाऱ्या फादर स्टीफन्सच्या ओव्या होत्या. तुमच्या घरांत त्यांचं क्रिस्तपुराण वाचतात का अजून?

मडगावकर | २६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

घरोघरी नाही. मूळ ग्रंथ १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापला गेला, रोमन लिपीत, आणि गोव्याच्या देवळांतून तो गायला जायचा. १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषा मोडून काढायचा हुकूम काढला, त्याने फार नुकसान झालं. एक मोठा धागा तिथे तुटला. मी स्वतः डिसेंबरमध्ये त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागातले, 'दुसऱ्या पुराणा'तले, येशूजन्माचे भाग मोठ्याने वाचतो. चारशे वर्षांपूर्वीची मराठी, निम्मे शब्द अडतात, पण ओवी आहे, गळ्यात बसली की अर्थ मागून येतो. ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या माणसाला तर माझ्याआधी कळेल. बघा वाचून.

जांभळा_रंग | २६ नोव्हेंबर, सायं. ६:१५

शेवटच्या आठवड्यासाठी एक सांगतो. १७ ते २३ डिसेंबर, सायंप्रार्थनेत रोज येशूला एकेका जुन्या नावाने हाक मारतात. ज्ञान, प्रभू, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, पहाट, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. सात दिवस, सात हाका. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरं उलटीकडून वाचली तर 'एरो क्रास' होतं, 'उद्या मी असेन'. घरी करायचं तर रोज एक नाव कागदावर लिहून दाराला लावा, आणि त्या नावाने कुणासाठी प्रार्थना करायची ते ठरवा. किल्लीच्या दिवशी आम्ही तुरुंगातल्यांसाठी करतो. माझा एक नातेवाईक आत होता, तेव्हापासून.

रिकामी_खुर्ची | २६ नोव्हेंबर, रात्री ११:५५

वाचत होते नुसती. लिहावं की नाही कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये माझे मिस्टर गेले. आमच्या घरात दुःखाच्या वर्षी तारा लावत नाहीत, करंज्या करत नाहीत. मुलगी बंगळूरला. सगळे म्हणतात, नाताळला आमच्याकडे या. मला कुणाच्या घरी जाऊन हसायचं नाहीये. पण एकटीने बसलं की प्रार्थनाही होत नाही. तुमच्यापैकी कुणी अशा वर्षी काय केलं?

शब्दासोबत | २७ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

ताई, हसायची गरज नाही. हा काळ तुमच्यासाठी आहे. यशयाचा चाळिसावा अध्याय 'सांत्वन करा' या शब्दांनीच सुरू होतो. रोज त्याच्या दोन ओळी, बास. प्रार्थना होत नसेल तर करू नका. आम्ही करतो, तुमच्या नावाने, आजपासून.

विरार_लोकल | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

आजच्या पुलावर तुमच्यासाठी.

नगरी_पेटीवाला | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आमची आई गेली त्या वर्षी वडील कॅरलपार्टीत आले नाहीत. आम्ही त्यांच्या खोलीबाहेर ओसरीत बसून एकच भजन म्हटलं, हळू, ढोलकीशिवाय. दार बंदच राहिलं. पुढच्या रात्री दार अर्धं उघडं होतं. एवढंच सांगू शकतो.

वसईची_लेक | १ डिसेंबर, रात्री १०:३०

काल पहिला रविवार झाला. कळवते.

केरळच्या घरचा उपास आजपासूनच, म्हणून कालही खायला फक्त वसईची सुकेळी आणि काळा चहा. स्टीलच्या परातीत चार मेणबत्त्या, भोवती कडुलिंबाच्या डहाळ्या. दिवे घालवले. माझा धाकटा पहिल्याच मिनिटाला रडला, त्याला मांडीवर घेतलं. लूकचा उतारा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा केरळच्या आजींनी मल्याळममध्ये. कुणालाच भाषा कळली नाही, 'मरियम' तेवढं कळलं. सीएनआयच्या दादांचा शब्द होता 'कसे?'. त्यांची नोकरी गेलीये, हे आम्हाला आज सकाळी त्यांच्या बायकोकडून कळलं. काल कुणी काही विचारलं नाही, तो नियम होता म्हणून. नाहीतर मीच आधी विचारलं असतं.

पेंढा मिळाला नाही. मंडईत फळांच्या पेटीतलं गवत मागून आणलं. काल अंधारात काही काड्या पडल्या, किती ते माहीत नाही.

रिकामी_खुर्ची | ८ डिसेंबर, रात्री ९:१०

वसईची_लेक, तुम्ही पुण्यात कुठे? मी वडगाव शेरीला. तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती असते ना, आनंदाची. आनंद नाहीये माझ्याकडे. पण मेणबत्ती आहे, मिस्टरांनी गेल्या वर्षीच आणून ठेवलेली, पेटवायची राहून गेली. ती घेऊन आले तर चालेल का? बोलायला नाही जमणार.

वसईची_लेक | ८ डिसेंबर, रात्री ९:१४

या. अगदी या. मीही वडगाव शेरीलाच. १४ तारखेला संध्याकाळी साडेसहा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते. तिसरा मजला आहे आणि जिन्यातला दिवा गेलाय, खालून फोन करा, मुलं टॉर्च घेऊन खाली येतील. आमच्याकडे कुणी काही विचारत नाही.

मडगावकर | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

नाचणी पेरायची वेळ झाली, मंडळी. थाळ्याला खालून भोक पाडा.